‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ : उतारवयात आधार म्हणजे नेमकं काय?

आमची आत्या तासगावजवळच्या एका गावात पन्नासेक वर्षं राहिली. यजमान गेल्यावर तिचा मुलगा, आमचा दादा, तिला पुण्याला घेऊन आला. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, तिला वेगळी खोली, सोमवार ते रविवार कप्प्यांचा गोळ्यांचा डबा. वहिनी मनापासून करणारी. आत्या ओट्याजवळ गेली की लगेच म्हणायची, "आई, तुम्ही बसा, मी करते." दोन महिन्यांनी मी भेटायला गेले तेव्हा आत्या पलंगाच्या कडेला बसली होती. पदर नीट घेतलेला, पायांत बाहेरच्या चपला. "कुठं निघालीस?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "कुठं जाणार? बसलेय." तब्येतीचं विचारलं तेव्हा म्हणाली, "मला काय धाड भरलीय? दोन वेळचं आयतं मिळतंय."

‘आयतं’ हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. जिने जन्मभर दुसऱ्यांच्या ताटात वाढलं, तिच्या तोंडी हा शब्द सुखाचा नसतो. घरात कशाची कमी नव्हती, तरी आत्या वाळत चालली होती. रात्री दोनला जाग यायची, जेवणाची वासना नव्हती. रक्ताचे रिपोर्ट मात्र बरे. मदत एवढी असताना माणूस आतून रिकामं का होतं, हे कळावं म्हणून मी पुष्कळ वाचलं. त्यातून जे उमगलं ते इथे मांडते, कारण आत्यासारखी माणसं आज घरोघरी आहेत. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं दहा कोटींच्या वर होती. देशात शंभरातली साडेआठ, तर महाराष्ट्रात जवळपास दहा.

आधार एकाच जातीचा नसतो

संशोधक ज्याला ‘सामाजिक आधार’ म्हणतात त्यात बऱ्याच गोष्टी येतात. दवाखान्यात नेणं, भाजी आणून देणं, बँकेचं काम करणं, हा हातभार. पेन्शनीसाठी हयातीचा दाखला कधी द्यायचा, मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठे होतं, हे सांगणं म्हणजे माहितीचा आधार. मन भरून आलं तर ज्याच्यासमोर रडता येतं तो मायेचा आधार. आणि एक आधार आपण हिशेबातच धरत नाही, तो म्हणजे नुसती सोबत. शेजारी बसून शेंगा फोडणं, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघणं, कालचीच गोष्ट आज पुन्हा सांगणं. आत्याला पहिले दोन आधार पोटभर मिळत होते. माया दादा त्याच्या परीने करत होता. सोबतीच्या नावाने मात्र टीव्ही होता.

मराठीत एकटं आणि एकाकी हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि सगळा विषय समजायला तेवढा फरक पुरतो. एकटं कोण ते बाहेरून दिसतं. दाराला एकच चपलांचा जोड असतो. एकाकीपण बाहेरून दिसत नाही. हवी तशी नाती आणि मिळालेली नाती यांच्यात जी दरी राहते, ते एकाकीपण. गावातल्या वाड्यात एकटी राहणारी, सकाळी तुळशीला पाणी घालताना तीन जणींशी बोलणारी म्हातारी एकाकी नसेलही. आणि नातवंडांनी भरलेल्या घरात आजोबा एकाकी असू शकतात.

माणसांची संख्या कमी झाली म्हणून लगेच घाबरायचंही कारण नाही. लॉरा कार्स्टेन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी दाखवलं आहे की पुढे उरलेला काळ थोडा आहे अशी जाणीव झाली की माणूस आपणहून गोतावळा आटोपता घेतो आणि जिव्हाळ्याची थोडी माणसं धरून ठेवतो. "आता आई लग्नाकार्याला यायला नको म्हणते" ही तक्रार प्रत्येक वेळी खरी तक्रार नसते. काळजी करायची ती ही जिव्हाळ्याची थोडी माणसं सुटू लागली तर.

रॉबर्ट कान आणि टोनी अँटोनुची यांनी १९८०मध्ये एक कल्पना मांडली. माणूस आयुष्यभर एका तांड्यातून चालत असतो. आपल्याकडे वारीतली दिंडी डोळ्यांसमोर आणली की ती लगेच कळते. अगदी अंगाला लागून चालणारे दोन-चार, त्यांच्या बाहेर ओळखीचे दहा-वीस, त्याही बाहेर तोंडओळखीचे. वाटेत कुणी गळतं, कुणी नव्याने येऊन मिळतं. म्हातारपणी गळणारे वाढतात. म्हणून आतलं वर्तुळ रिकामं झालं तर बाहेरच्यातलं कुणी आत येईल, एवढी वाट मोकळी ठेवावी लागते. आत्याला पुण्यात आणलं तेव्हा आम्ही तिला तिच्या दिंडीतून उचलून आणलं होतं. हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण आम्ही सगळे तिच्या सोयीचा विचार करत होतो.

मनाचा आधार शरीरापर्यंत कसा पोचतो

ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांत मिळून तीन लाखांवर माणसं होती. ज्यांची नाती घट्ट होती, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता नाती विरळ असलेल्यांच्या तुलनेत सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. धूम्रपान सोडल्याने होणाऱ्या फायद्याशी तुलना व्हावी, एवढा हा फरक आहे.

हे घडतं कसं? एक वाट सरळ आहे. सोबत कुणी असलं की माणूस वेळेवर जेवतो, गोळी घेतो, पाय सुजला तर कुणाला तरी दाखवतो. दुसरी वाट शेल्डन कोहेन आणि थॉमस विल्स यांनी १९८५मध्ये उलगडली. एसटीचे पाटे मजबूत असले तरी रस्त्यातले खड्डे काही बुजत नाहीत, पण हादरा हाडापर्यंत पोचत नाही. आधाराचं तसंच आहे. आजारपण, जोडीदाराचं जाणं, पैशांची ओढाताण हे खड्डे कुणालाच चुकत नाहीत. पण ‘वेळ आली तर माझ्यामागे कुणीतरी आहे’ ही खात्री असली की संकट आल्यावरही शरीर सतत सावध राहत नाही. झोप लागते, रक्तदाब चढलेला राहत नाही. ही खात्री नसली की शरीर रात्रंदिवस पहाऱ्यावर राहतं. सत्तरीच्या शरीराला तो पहारा झेपत नाही.

यातला खात्री हा शब्द महत्त्वाचा. प्रत्यक्षात किती मदत मिळाली यापेक्षा, लागली तर मिळेल असा भरवसा किती आहे, याचा मनाच्या स्वास्थ्याशी जास्त पक्का संबंध सापडतो. मिळालेल्या मदतीचा परिणाम उलटसुलट दिसतो, कधीकधी ती टोचतेही. नायल बोल्जर यांच्या गटाने २०००मध्ये न्यूयॉर्कमधल्या काही जोडप्यांचा अभ्यास केला. प्रत्येक जोडप्यातला एक जण वकिलीच्या परीक्षेला बसणार होता. जोडीदाराने आधार दिला आणि परीक्षार्थीला तो आधार म्हणून जाणवलाही नाही, तेव्हा त्याचं मन सर्वांत जास्त सावरलं. मदत लक्षात आली की सोबत आणखी एक भावनाही येते, आपल्याला जमत नाही म्हणून दुसरा करतोय. ही जोडपी तरुण होती. पण "तुम्ही बसा" हे दिवसातून दहादा ऐकणाऱ्या माणसाच्या मनात काय होत असेल, ते मला या अभ्यासामुळे कळलं.

देणारा हात

मला सर्वांत जास्त हलवून गेला तो स्टेफनी ब्राउन यांचा २००३मधला अभ्यास. अमेरिकेतल्या डेट्रॉइट भागातली ४२३ वयस्क जोडपी, पाच वर्षं. जी माणसं शेजाऱ्यांना, मित्रांना, नातेवाइकांना हातभार लावत होती आणि जोडीदाराला मायेचा आधार देत होती, त्यांच्यात त्या काळात मृत्यू कमी झाले. त्यांची मुळातली तब्येत हिशेबात धरली तरीही. नुसता आधार घेण्याने तसा फायदा दिसला नाही.

आता यावरून कुणी म्हाताऱ्या माणसांना कामाला जुंपू नये. नातवंडं सांभाळता सांभाळता कंबर मोडलेल्या आज्या मी पाहिल्या आहेत, त्यांना विसावा हवा आहे. मुद्दा वेगळा आहे. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही भावना माणसाला लागते. १९७६मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या लोकांना रोप देऊन सांगितलं, हे तुमचं, याला पाणी तुम्ही घालायचं, खोलीत काय कुठे ठेवायचं तेही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण सांगितलं, पाणी आमची माणसं घालतील. काही आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत, जास्त बोलती झाली. रोप तेच, पण एका मजल्यावर ते आयतं मिळालं होतं.

झिंबाब्वेतले मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी तर आज्यांनाच समुपदेशक केलं. दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक, त्यावर एक प्रशिक्षित आजी, शेजारी मन जड झालेला माणूस. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला ‘फार विचार करणं’ अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडेही "फार विचार करू नकोस" हेच म्हणतात. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या बाकांचा उपयोग सिद्ध झाला.

आपल्या अगदी जवळचं उदाहरण गोव्यातलं आहे आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. १९९६पासून तिथे मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेशी जोडलेल्या संशोधकांनी साठीपुढचे १८१ लोक निवडले. शहरातल्या आणि खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणारे. या लोकांना नैराश्याचा आजार झालेला नव्हता, पण मन खाली गेलेलं होतं, उंबरठ्यावर म्हणावं असं. त्यांच्यातल्या ९१ जणांना साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी समुपदेशन केलं. हे लोक डॉक्टर किंवा मनोविकारतज्ज्ञ नव्हते. उरलेल्या ९० जणांना नेहमीचे उपचार. वर्षभराने पाहिलं तर पहिल्या गटात चौघांना नैराश्याचा आजार झाला होता, दुसऱ्या गटात तेरा जणांना. हा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. आकडे लहान आहेत, तरी वाट स्पष्ट दिसते.

या समुपदेशनात काय होतं? झोप नीट लागावी म्हणून सवयी. मधुमेहासारख्या दुखण्यांत स्वतःची काळजी कशी घ्यायची, ते. सरकारी योजनांपर्यंत पोचायला मदत. आणि मुख्य म्हणजे अडचण सोडवायला शिकवणं. "आता काहीच राहिलं नाही" हे फार मोठं वाक्य आहे, त्याला हात घालता येत नाही. ते फोडत फोडत आणायचं. माझ्या मनातलं एक उदाहरण देते. एक आजोबा म्हणतात, सगळं संपलं. विचारत गेलं की कळतं, भजनाला जाणं बंद झालंय. का? रात्री परत येताना गल्लीत अंधार असतो, एकदा पडलो. म्हणजे अडचण अंधाराची आणि सोबतीची आहे. मग उपाय त्यांनीच सांगायचे: बॅटरी, काठी, त्याच वाटेने येणारा एखादा माळकरी. त्यातला एक त्यांनी निवडायचा, आठवडाभर करून बघायचा. उपाय दुसऱ्याने सांगितला तर तो पुन्हा आयताच होतो.

घराबाहेर पडण्यातल्या अडचणी

मनाच्या गोष्टी बोलताना कान आणि पाय विसरले जातात. ऐकू कमी आलं की माणूस आधी "काय?" म्हणून विचारतो, मग नुसतं हसून मान डोलावतो, मग लोकांत बसायचंच टाळतो. घरचे म्हणतात, हल्ली फार तिरसट झालेत. आत्याच्या बाबतीत अर्धं दुखणं हेच निघालं. डाव्या कानाला जवळजवळ ऐकू येत नव्हतं, आणि वहिनी ओट्याकडे तोंड करून बोलायची. आत्या उत्तर द्यायची नाही, वहिनीला वाटायचं राग आलाय. श्रवणयंत्राची सवय व्हायला तिला दोन महिने लागले. मधल्या काळात ते कपाटातच होतं, कारण भांड्यांचा आवाज कानात घणासारखा यायचा. पुन्हा जाऊन आवाज कमी-जास्त करून आणावं लागतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी अडचण स्वच्छतागृहाची. बागेत, देवळात, बसस्टँडवर स्वच्छ जागा नसेल तर साठीपुढच्या कितीतरी बायका पाणी न पिता बाहेर पडतात किंवा पडतच नाहीत. ज्येष्ठांसाठी कट्टा बांधणाऱ्या नगरसेवकांनी आधी एवढं केलं तर त्या कट्ट्यावर बायका दिसतील. प्रवासाची एक चांगली सोय आपल्याकडे आहे. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास राज्यात मोफत आहे, आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. बहिणीकडे जायला मुलाकडे पैसे मागावे लागत नाहीत, याची किंमत तिकिटापेक्षा कितीतरी मोठी आहे.

आणि काही आधार तर आपणच काढून घेतो. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवायचं नाही, ओटी भरायला पुढे येऊ द्यायचं नाही. ज्या वयात तिला गोतावळा सर्वांत जास्त हवा, त्याच वयात तिला त्याच्या कडेला उभं करायचं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२मध्ये ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं अशा प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मानसिक आरोग्याच्या दृष्टीने हा ठराव मला फार मोठा वाटतो. पुरुषांचं दुखणं निराळं. घरची नाती, सणवार, विचारपूस हे सगळं बायको सांभाळत होती. ती गेली की त्याच्याकडे कुणाचे फोनच येत नाहीत, आणि स्वतःहून लावायची सवय नसते.

वय झालं म्हणून, की आजार म्हणून?

उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा रडत येत नाही. ते अंगदुखी, गॅस, चक्कर, तोंडाला चव नसणं, पहाटे तीनला जाग असं येतं. आवडीच्या गोष्टीतून मन उडालं, दोन आठवड्यांहून जास्त दिवस असंच चाललं, तर ‘वय झालंय’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना थायरॉइड, बी-१२ आणि चालू गोळ्यांचे परिणामही तपासायला सांगावं, कारण त्यांनीही मन असंच खाली जातं. "देवानं आता न्यावं" हे आपल्याकडे सहज म्हटलं जातं. तरी एकदा शेजारी बसून नीट विचारावं, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मनाच्या दुखण्यांसाठी असलेली सरकारची मोफत फोनसेवा आहे, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही वेगळी हेल्पलाइन आहे. घरात हाल होत असतील तर आईवडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा २००७चा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्चासाठी अर्ज करता येतो.

ज्यांचे आईवडील इथे आणि स्वतः अमेरिकेत किंवा बंगळूरला, त्यांच्यासाठी एक सांगते. रोजच्या व्हिडिओ कॉलवर "जेवलात का, गोळी घेतली का" एवढंच होत असेल, तर ती हजेरी झाली. त्यांना काहीतरी विचारा, ज्याचं उत्तर फक्त त्यांच्याकडे आहे.

आत्याचं पुढे असं झालं. मार्चमध्ये सोसायटीतल्या एका मुलीने वहिनीला विचारलं, सांगलीकडची ती वर्षाची चटणी मिळेल का कुठे. वहिनीने आत्याकडे बोट दाखवलं. आत्याने तिला मिरच्या आणायला नुसती यादी दिली नाही, सोबत गेली. ब्याडगी रंगाला, लवंगी तिखटाला, देठ मोडून बघायचं, कडकन तुटला पाहिजे. खाली पार्किंगमध्ये चादरीवर मिरच्या वाळत घातल्या तेव्हा चार जणी जमल्या. खोबरं, तीळ, धणे भाजून झाले, कांदा तळून झाला, आणि डंकावर आत्या स्वतः उभी राहिली, नाकाला पदर लावून. पाच घरांची चटणी झाली. आता यंदाची यादी नऊ घरांची आहे.

झोप पूर्ण सुधारलेली नाही. गावाची आठवण निघाली की अजून गप्प होते, आणि दर दोन महिन्यांनी एसटीने गावी जाऊन येते. मागच्या रविवारी मी फोन करून विचारलं, किलोला लसूण किती घ्यायचा. वीस मिनिटं सांगत होती. शेवटी म्हणाली, "लिहून घेतलंस का? नाहीतर कांदा तळताना परत लाव फोन. तिथंच सगळ्या चुकतात."